दादाच्या केसांची माशी

मासा पकडायचा, निरखून बघायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा, असला उद्योग करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो सौदीत. ज्या देशात नावाला नदी नाही, त्या देशात. तेही भर हिवाळ्यात, मांडीभर गार पाण्यात उभा राहून. मी खाडीकाठचा. आमच्याकडे मासा सुटला तर तोंडातून शिवी निघते, आणि मुद्दाम सोडला तर घरचे लोक कपाळाला हात लावून ताप बघतील.

तेव्हा मी खमीस मुशैतला पाइप फिटर होतो. तेलाच्या पैशाने सगळा देश नुसता बांधत सुटला होता. गावाबाहेर एक मोठी वसाहत उभी राहत होती आणि आमची कंपनी तिथे पाण्याच्या लाइनी टाकत होती. सौदी म्हटलं की आपल्याकडे लोकांना वाळू आणि उंट दिसतात. इथे डोंगरावर धुकं उतरायचं, सकाळी नळाखाली हात धरवत नसे. मी पत्रात स्वेटर मागितला तर आईला वाटलं पोरगा थट्टा करतोय.

पोर्टाकॅबिनच्या एका खोलीत आम्ही तिघे होतो. मी, रत्नागिरीकडचा एक मुसलमान सुतार, आणि दादा. दादा माझ्याच वाडीतला, वेल्डर, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. नात्याचा कुणी नाही, पण त्याने कंपनीत शब्द टाकला म्हणून मी तिथे पोचलो. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हातात पडेपर्यंत मला लहान मुलासारखा सोबत घेऊन फिरला. सुरुवातीच्या दिवसांत घरच्या आठवणीने माझं तोंड एवढंसं व्हायचं, तेव्हा गावातल्या एकेकाच्या नकला करून मला हसवायचा. तिघांची शेगडी एक, भांडं एक. पाळीपाळीने रांधायचं आणि एकत्र बसून जेवायचं, हा खोलीचा कायदा दादानेच घालून दिलेला.

आमचा मोठा साहेब कुठल्याशा थंड मुलखातला, साठीला टेकलेला गोरा. एका गुरुवारी तो वर्कशॉपमध्ये आला आणि माझ्यापुढे एक काठी ठेवली. चार तुकड्यांची, एकात एक बसणारी. एका सांध्याची पितळी नळी चिरली होती. मी तिला नवी नळी बसवून दिली आणि विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, माशांसाठी. मी विचारलं, मासे कुठे आहेत इथे? तो हसला. उद्या शुक्रवार, सुट्टी, म्हणाला, चल बघायला.

मी गेलो. मला अशा गोष्टीत नाक खुपसल्याशिवाय चैन पडत नाही, आईच्या भाषेत नसता कंड.

पिकअपने तासभर डोंगर उतरलो तर घळीत खरंच पाणी होतं. तिथले लोक वादी म्हणतात, आमच्या हिशेबाने वहाळ. दगडांतून झुळझुळत येतं, मध्येच कमरेएवढा डोह, पुन्हा दगड. वर कड्यावर माकडांची टोळी आमच्याकडे बघत बसलेली. डोहात मासे होते. वीतभर, फार तर दीड वीत, ओठाला बारीक मिशा. साहेबाने छातीपर्यंत येणारी रबरी विजार चढवली आणि पाण्यात जाऊन उभा राहिला.

आता आम्ही गळ टाकतो तेव्हा टोकाला शिसं बांधतो. वजन टोकाला, दोरी हलकी, शिसं जाईल तिकडे दोरी जाते. साहेबाचं सगळं उलटं. टोकाला गरी एवढीशी, तिला पिसं आणि केस बांधून केलेला खोटा किडा, फुंकर मारली तर उडेल. वजन सगळं दोरीत. ती जाडसर दोरी तो डोक्यावरून मागे न्यायचा, मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचा, मग पुढे सोडायचा, आणि तो किडा पाण्यावर असा उतरायचा की तरंगसुद्धा उठू नये. इतकी वर्षं पाइपात पाणी ढकलणारा मी, पण दोरीतून जोर असा पुढे सरकतो हे मला माहीत नव्हतं. दोन शुक्रवार मी माशांकडे बघितलंच नाही, दोरीकडेच बघत होतो.

साहेब त्या खोट्या किड्याला फ्लाय म्हणायचा, म्हणजे माशी. मी म्हटलं, माशा इथे जेवणावर ढिगाने बसतात, त्या का नाही लावत? तेव्हा त्याने मला पाण्यातला एक दगड उलटा करायला लावला. दगडाच्या पोटाला तांदळाएवढ्या नळ्या चिकटलेल्या, वाळूचे कण जोडून केलेल्या, आणि प्रत्येक नळीत एक किडा. हे मासा खातो, म्हणाला, म्हणून हे बांधायचं. मी थक्क झालो. चालायला लागल्यापासून मी मासे मारत होतो, पण मासा काय खातो हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मासा कशात शिजवतात तेवढं मला पक्कं ठाऊक होतं.

मग मला नादच लागला. साहेबाला प्रश्न विचारून विचारून मी हैराण करायचो, आणि त्यालाही बोलायला कुणीतरी हवंच होतं. थंडीत मासा आळशी होतो, पाठलाग करत नाही, घास अगदी तोंडापुढून नेला तर उघडतो. म्हणून सकाळी घाई करायची नाही, ऊन डोहाच्या तळाला पोचलं की दुपारी दोन तास काय ते खरे. त्याच्या गावच्या नद्यांत ट्राउट नावाचा मासा. त्यातलेच काही समुद्रात जातात, हातभर वाढतात आणि हिवाळ्यात परत नदी चढून येतात, त्यांना स्टीलहेड म्हणतात. बर्फ पडत असतो आणि माणसं दिवसभर पाण्यात उभी राहून हात हलवत घरी जातात, पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. मी म्हटलं, आमच्याकडेही चढणीचे मासे असतात, शेतात येतात, आम्ही काठीने झोडपतो. त्याने विचारलं, त्यातले सोडता किती? मी इंग्रजी न कळल्यासारखं केलं.

सोडायचे का, हे मी त्याला तीनदा विचारलं. दरवेळी तो म्हणायचा, सगळे नेले तर पुढच्या शुक्रवारी इथे कोण असेल? हे उत्तर मला काही केल्या पटत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी दुसरे येतील की.

साहेबाच्या बोटांचे सांधे सुजायचे, थंडीत तर गरीला दोरासुद्धा गुंडाळता येत नसे. माझी बोटं बारीक कामाची. त्याने मला बिस्किटाचा एक डबा दिला. आत गरी घट्ट धरून ठेवणारा मुठीएवढा वाइस, बारीक गऱ्या, लाल दोऱ्याचं रीळ, काळ्या कोंबड्याच्या मानेची पिसं आणि हरणाच्या केसांची जुडी. मी बांधायला शिकलो, आणि सांगायला हरकत नाही, साहेबापेक्षा चांगलं बांधायला लागलो. डबा मी खाटेखाली ढकलून ठेवायचो. दोघं बाजारात गेले की काढायचा. साहेबाबरोबर फिरतो म्हणून कॅम्पात आधीच मला चमचा म्हणत होते, त्यात आणखी साहेबासाठी माशा बांधतो हे कळलं असतं तर मला जगू दिलं नसतं. तेवढ्याच कारणासाठी मी तो लपवला. याहून मोठी चूक मी आयुष्यात केली नाही, म्हणजे केली, पण ती पुढे येतेच आहे.

हरणाचे केस संपले. साहेबाचं पार्सल त्याच्या मुलखातून यायचं होतं, ते कधी येईल सांगता येत नव्हतं. त्या शुक्रवारी सकाळी मी दादाचे केस कापले. न्हाव्याकडे कोण जातो, आम्ही एकमेकांचे कापायचो. खाली पेपरावर दादाचे केस पडले होते, राठ, काळ्यात पांढरे मिसळलेले, सरळ. मी एक चिमूट उचलली आणि खिशात टाकली. मनात एवढंच आलं की रंग अगदी त्या किड्याचा आहे. त्याच दिवशी ती माशी पाण्यात टाकली तर मासा हरणाच्या केसांना यायचा त्याहून जोरात आला. साहेबाने विचारलं, हे केस कसले? मी म्हटलं, लोकल.

त्या हिवाळ्यात दादाची तब्येत उतरायला लागली. ताप यायचा, जायचा. अन्नावरची वासना उडाली. कॅम्पच्या डॉक्टरने तपासून गोळ्या दिल्या आणि काही नाही म्हणाला. पण काही नाही कसं? डोळे खोल गेले होते, वेल्डिंग करताना हात कापायचा. चेष्टामस्करी तर बंदच झाली. मला काळजी वाटत होती, पण खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष डोहात होतं.

एक दिवस नखं कापायला दादा कात्री शोधत होता. माझी असते खाटेखाली, म्हणून त्याने डबा ओढला आणि उघडला. मी आणि सुतार बाहेरून आलो तेव्हा तो खाटेवर बसला होता, तळहातावर एक माशी. काळ्या कोंबड्याचं पीस, लाल दोरा, टोकदार लोखंड आणि स्वतःचे केस. आमच्या भागात या चार वस्तू एकत्र दिसल्या तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल ते काय आहे.

"हे माझेच केस मां?" त्याने विचारलं.

खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं. मी हो म्हटलं.

मग मी बोलत सुटलो. साहेब, वादी, किडे, दगड उलटे करायचे, हरणाचे केस संपले. बोलता बोलता माझं मलाच कळत होतं की यातलं एक वाक्य कुणाला पटणार नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मगे माझे केस कित्याक?"

"रंग जुळला म्हणून."

त्याने माशी डब्यात टाकली आणि हात विजारीला पुसला. सुतार मात्र दारापाशी जाऊन बाहेर कुणी आहे का बघून आला. तो भला माणूस, देवभोळाही नव्हता, पण म्हणाला, "हे काय असेल ते असू दे, पण कुणाच्या नजरेला पडलं तर आपण तिघेही आत. इथे जादूटोण्याला माफी नसते. आजच्या आज हलव." मी सगळं डब्यात भरलं आणि साहेबाच्या ऑफिसात ठेवून आलो.

परत आलो तर शेगडीवर दोन भांडी होती. एकात आमचा भात, दुसऱ्या छोट्यात दादाचा. त्याने स्वतः रांधला होता, पाठ करून जेवला. त्या छोट्या भांड्याने माझ्या काळजाचं जे पाणी झालं ते सांगता येत नाही. शिव्या दिल्या असत्या, दोन थोबाडात मारल्या असत्या तर मी खुशाल खाल्ल्या असत्या.

पंधरा दिवस असे गेले. मी ठेवलेला चहा तो पीत नसे. त्याचा गळलेला केससुद्धा माझ्या बाजूला राहू नये म्हणून स्वतः झाडू मारायचा. मला दुःख होतं आणि तेवढाच संतापही होता. माझ्या बापाने जन्मात भगताची पायरी चढली नाही, मी आयटीआय झालेला, आणि माझ्यावर करणी केल्याचा आळ? तोही दादाने घ्यावा? मग सुताराने सांगितलं की दादा एक्झिट मागणार आहे. काँट्रॅक्ट अर्धं टाकून घरी जायचं म्हणतो. "तुझ्यासोबत राहिलो तर मरेन म्हणतोय," सुतार म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला.

मी दादासमोर जाऊन बसलो. म्हटलं, "एकदाच माझ्याबरोबर चल. डोळ्यांनी बघ. मग खुशाल जा." तो हो म्हणाला. का म्हणाला ते मला तेव्हा कळलं नाही.

शुक्रवारी सुतार जुम्म्याला गेला आणि साहेबाच्या पिकअपमधून आम्ही वादीवर गेलो. वारा झोंबत होता. दादा कानाला मफलर गुंडाळून एका दगडावर बसला. साहेब खालच्या डोहात उतरला आणि ऊन तळाला लागल्यावर तासाभरात त्याने चार मासे धरले, चारही सोडले. मी दादाला एकेक गोष्ट दाखवत होतो. दगड उलटा केला, किडे दाखवले, किड्याशेजारी माशी धरून दाखवली. शाळेतल्या मास्तरासारखं मी समजावत होतो. त्याचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. तो साहेबाच्या हातांकडे बघत होता.

"तो सगळे सोडता?" त्याने विचारलं.

"सगळे."

"तूपण?"

"मीपण. आपण इथे खात नाही."

दादाने मान हलवली, काहीतरी जुळल्यासारखी. "धरलेलो मासो कोण उगाच सोडता काय रे? कायतरी उतरून टाकूचा असता म्हणान सोडतत. माका आता समाजला." मग त्याने मफलर काढला, टोपी काढली, पूर्वेकडे तोंड करून बसला. "जेणा केल्यान तेणाच उतरूचा असता. माझ्यावरसून पण एक उतरून सोड. मी तुका काय इचारूचंय नाय."

मी काठी धरून तसाच उभा राहिलो. हे असं निघेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी त्याला खरं दाखवायला आणलं होतं आणि त्याने डोळ्यांनी बघून त्यातून भलतंच खरं काढलं होतं. आता नाही म्हणालो तर हा माणूस गेला. आणि हो म्हणालो तर मी केलं होतं हे मीच कबूल केल्यासारखं. माझं डोकं असं तापलं की काठी तिथेच मोडून टाकावी. ओरडायला तोंड उघडलं आणि त्याच्या मानेकडे नजर गेली. कॉलर दोन बोटं सुटी झाली होती. वेल्डरची मान ती, पूर्वी कॉलरचं बटण लागत नसे.

मी पाण्याकडे वळलो आणि माशी टाकली.

मासा येईना. टाकली, पुन्हा टाकली. ऊन डोहावरून सरकायला लागलं. इतके शुक्रवार मासा लागला काय, न लागला काय, मजा होती, आणि आज मी मनातल्या मनात आमच्या ग्रामदेवतेला हाक मारत होतो, ये म्हणून सांग त्याला. दादा हलला नाही, एकदाही मागे वळून बघितलं नाही. शेवटी सावलीच्या कडेला दोरी थांबली आणि ताणली गेली.

हात ओला करून मी मासा सोडवला. साहेबानेच शिकवलेलं, कोरडा हात लावायचा नाही. मग दगडाशी जाऊन तो मासा दादाच्या डोक्यावरून तीनदा ओवाळला. पाण्याचे थेंब त्याच्या मानेवर पडले तसा तो शहारला. पाण्यात उतरून मी माशाचं तोंड प्रवाहाकडे करून धरलं. थंडीतला मासा, लगेच जात नाही, दमलेला असतो. दादा उठून माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता, त्याचा श्वास मला कानापाशी ऐकू येत होता. माशाने एकदा शेपूट हलवली, दुसऱ्यांदा हलवली आणि तो निघून गेला. तेव्हा कुठे दादाने श्वास सोडला.

खालून साहेबाने हाक मारून विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, आमची एक पद्धत आहे. तो म्हणाला, छान मासा होता.

संध्याकाळी मी भात लावला. दादाने छोटं भांडं फळीवर पालथं घातलं आणि ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. कितीतरी दिवसांनी त्याने दुसऱ्यांदा भात मागून घेतला. सुतार एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला, पण शहाणा होता, जेवण उरकून उठला. तो हात धुवायला गेल्यावर दादा हळूच म्हणाला, "पोर आसस. चुकलंस. मी कोणाक सांगूचंय नाय."

मी म्हणणार होतो, दादा, मी केलंच नव्हतं. शब्द अगदी ओठांवर होते. त्याने माझ्या ताटात आमटी वाढली आणि म्हणाला, "गप जेव."

मी गप जेवलो.

महिन्याभरात तो अंगाने भरला, एक्झिटचं नाव निघालं नाही, काँट्रॅक्ट पुरं करून वर पुढे दोन वर्षं राहिला. माझ्या लग्नात पंगतीला वाढायला तोच पुढे होता, माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन जत्रेला तोच न्यायचा. दिला शब्द त्याने पाळला. स्वतःच्या बायकोला सांगितलं नाही, माझ्या आईला सांगितलं नाही, भांडणात रागाच्या भरात कधी तोंडातून निघालं नाही. आता तो नाही. ज्याने आपल्या जिवावर करणी केली असं त्याला मरेपर्यंत वाटत होतं, त्या माणसाला त्याने पाठच्या भावासारखं वागवलं, आणि मी निर्दोष आहे हे त्याला सांगून मला ती एवढी मोठी माफी त्याच्याकडून काढून घेववली नाही.